बटनवाल्या बाई

दार वाजवून आत येणं त्यांना माहीतच नव्हतं. त्यांची ओसरी आणि माझी भाड्याची खोली समोरासमोर. मधे मोरी आणि एक शेवग्याचं झाड. माझा सकाळचा स्वयंपाक उरकला की त्यांना कसं कळायचं कोण जाणे. पदराला हात पुसत त्या आत यायच्या, थेट ओट्यापाशी जायच्या, शेगडीची दोन्ही बटनं पट् पट् ओढून काढायच्या आणि वरच्या फळीवर मिठाच्या बरणीमागं ठेवून द्यायच्या. मग वाकून टाकीचं रेग्युलेटर बंद आहे ना ते बघायच्या. एवढं झालं की कंबरेवर हात ठेवून म्हणायच्या, "हं. बोला आता. काय भाजी केली?"

भोकरदनच्या पुढं, धावड्याच्या रस्त्याला असलेल्या त्या गावात मी शाळेवर शिक्षिका होते. माझे यजमान जालन्याला नोकरीला, शनिवारी यायचे आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायचे. चिनू माझ्या पोटात होता तेव्हा मी त्या खोलीत राहायला गेले आणि तो शाळेत जाऊ लागला तरी तिथंच होते. बाई माझ्या घरमालकीण, आणि आमच्याच शाळेच्या आवारातल्या अंगणवाडीच्या बाईसुद्धा. गावात त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. आधी नुसतं 'बाई' म्हणत. पुढं पोरांनी 'बटनवाल्या बाई' म्हणायला सुरुवात केली.

तसं म्हणण्यासारखंच त्या वागत. लग्नघरी गेल्या की नवरीकडं बघायच्या आधी आचाऱ्याकडं जायच्या. मोठ्या भट्टीच्या आणि पोरांच्या मधे पाट टाकून बसायच्या, आणि पंगती उठेपर्यंत हलायच्या नाहीत. कुणी म्हणालं, "बाई, मांडवात चला, हळद लावायची," तर म्हणायच्या, "लावा तुम्ही. मी हितं बराबर हाये." सिलेंडर आणणारा पोऱ्या नव्या घरी टाकी उतरवली की हसून सांगायचा, "बाई येतील बघायला. शेगडी खाली ठेवू नका, लई बोलतेत." आणि बाई खरोखर बोलायच्या. शेगडी जमिनीवर दिसली की त्या घरच्या माणसाला, मग तो सरपंच असो की सालगडी, उभा करून झाडायच्या.

एकदा आमचे केंद्रप्रमुख शाळातपासणीला आले आणि यजमानही नेमके घरी होते, म्हणून मी त्यांना चहाला घरी बोलावलं. दूध ओतलं, साखर टाकली, पातेलं चढवलं, आणि बघते तर शेगडीला बटनं नाहीत. बरणीमागं नाहीत, फळीवर नाहीत. बाई भोकरदनच्या बाजाराला गेलेल्या, आणि त्या दिवशी बटनं त्यांनी कमरेच्या पिशवीत टाकून सोबत नेलेली. शेवटी यजमानांनी पक्कड आणून शेगडीची दांडी फिरवली आणि चहा झाला. संध्याकाळी बाई आल्या. ओट्यावर पक्कड दिसली तशा त्या दारातच थांबल्या.

"पकडीनं पेटवला?"

"पाहुणे आल्ते बाई. काय करणार?"

"पाहुण्याला पाणी द्यायचं. चहाबिगर पाहुणा मरत न्हाई." असं म्हणून त्यांनी ती पक्कडही उचलून नेली. पुढं नळाची चावी बसवायची होती तेव्हा यजमानांना ती त्यांच्याकडून मागून आणावी लागली. यजमान हसले. मी हसले नाही, कारण तोपर्यंत बाई अशा का झाल्या ते मला माहीत होतं.

बुटक्या, रुंद बांध्याच्या, चष्म्याची तुटलेली काडी दोऱ्यानं बांधलेली, आणि आवाज असा की आवाराच्या त्या टोकाला त्यांनी पोरांची हजेरी घ्यावी आणि माझ्या वर्गातल्या पोरांनी "हजर" म्हणावं. मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केली आणि त्या माहेरी परत आल्या. भावानं वाटणीची दीड खोली दिली, त्यातली एक त्यांनी मला भाड्यानं दिली होती आणि अर्ध्यात स्वतः राहत होत्या. हे सगळं मला त्यांच्या भावजयीनं सांगितलं. बाईंच्या तोंडून नवऱ्याचा चांगला किंवा वाईट असा एक शब्दही मी ऐकला नाही.

लेकरांबद्दल मात्र त्या थांबत नसत. कुणाला शेंगदाणा दिला की ठसका लागतो, कुणाच्या घरी बाप दारू पिऊन आला की पोरगं दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात बसतं, कोण अजून डाव्या-उजव्या चपलेची अदलाबदल करतं, सगळं त्यांना पाठ. भिंतीवर चिकटवायला वरून तक्ते यायचे, ते त्या गुंडाळून कपाटावर टाकायच्या. "चित्रातला आंबा चाटून काय कळतं? सांगून लेकरू शिकत न्हाई मॅडम, करून शिकतं." हे त्यांचं रोजचं वाक्य. आंब्याच्या दिवसांत खरे आंबे यायचे, आणि लेकरांच्या कोपरापर्यंत रस ओघळायचा.

मी तिथं गेले त्या सुमारास गावात घरोघर गॅस यायला लागला होता. बाया खूष होत्या. पण सवय चुलीपुढं बसून रांधायची, म्हणून जिथं चूल होती तिथंच, भुईवर, शेगडी मांडायच्या. पुढ्यात पाट, बाजूला टाकी. बाईंनी हे घरोघर पाहिलं आणि अंगणवाडीतल्या भातुकलीतली तीन दगडांची चूल काढून टाकली.

"आता चूल कुठं राह्यली मॅडम? लेकरं घरात जे बघतेत तेच खेळायला पायजेन," असं म्हणत एका रविवारी त्यांनी ओसरीत बसून बिस्किटाच्या खोक्याची शेगडी केली. जुन्या बांगड्यांना चंदेरी कागद गुंडाळून बर्नर केले. पाण्याच्या बाटलीची झाकणं स्क्रूनं बसवून बटनं केली, आणि आत स्पंजचा तुकडा घातला, म्हणजे झाकण खऱ्यासारखं आधी दबायचं आणि मगच फिरायचं. चिनू तेव्हा तान्हा होता. त्याला मांडीवर घेऊन मी ते सगळं कौतुकानं बघत होते.

लेकरं त्या शेगडीवर तुटून पडली. बाई सगळ्यांना गोल बसवायच्या आणि म्हणायच्या, "आधी काय करायचं?"

"दाबायचंऽऽ!"

"मंग?"

"फिरवायचंऽऽ!"

"चक् चक् चक्... पेटला!" आणि सगळी टाळ्या वाजवायची. भोकरदनच्या बैठकीत त्या शेगडीचं कौतुक झालं. बाई ती डोक्यावर धरून बसमधून घेऊन गेल्या होत्या आणि तशीच परत घेऊन आल्या होत्या.

आलिया त्या लेकरांतली सगळ्यात चुणचुणीत. चार वर्षांची, दोन शेंड्या, कानात बारीक चांदीच्या बाळ्या. तिचा बाप सलीम गवंडी. आई शबाना घरी ब्लाऊज शिवायची. माझेही तीच शिवायची. घरात सलीमची म्हातारी आई होती. आलिया तिला दादी म्हणायची, म्हणून आम्हीही दादीच म्हणायचो. दादीच्या आणि शबानाच्या कुरबुरी साऱ्या गल्लीला ऐकू यायच्या. पण कुरबुरी म्हणजे मीठ जास्त पडलं आणि दार उघडं राहिलं, इतपतच.

थंडीचे दिवस होते. अंगणवाडी सुटली, पोरं घरी गेली. मी शाळेत दुपारच्या तासाला होते. भप्प असा आवाज झाला आणि पाठोपाठ बायांचा ओरडा. मी आवाराच्या भिंतीपाशी पळत गेले तर बाई माझ्या पुढं, पायांत चपला नाहीत, सलीमच्या घराकडं पळत होत्या.

झालं होतं ते असं. शबाना पुढच्या खोलीत मशीनवर बसलेली. मागची खोली स्वयंपाकाची, तिला खिडकी नाही, दार ओढून घेतलेलं. दादी नमाज पढून उठल्या आणि सर्दीनं घसा धरला म्हणून पाणी गरम करायला आत गेल्या. नाक बंद, वास कळला नाही. त्यांनी काडी ओढली. सगळ्या खोलीनं एकदम पेट घेतला. शबानानं पलंगावरची गोधडी ओढली आणि आत शिरून सासूला त्यात गुंडाळलं. तिचे दोन्ही तळहात भाजले. आलिया घरात नव्हती. ती गल्लीच्या टोकाला निदा या मैत्रिणीकडं गेलेली.

दादींना जीपमधून भोकरदनला आणि तिथून संभाजीनगरला नेलं. आठवडाभर त्या होत्या, मग गेल्या.

मयतीनंतर घरात नातेवाईक जमले आणि बोलणं सुरू झालं. गॅस आपोआप कसा चालू राहील? शेवटचं कोण होतं शेगडीवर? सूनच ना? रोज भांडण होतंच ना? जालन्याहून आलेला सलीमचा चाचा तर उघड बोलू लागला की हिला माहेरी पाठवा, पोलिसांना काय ते बघू द्या. सलीम काहीच बोलत नव्हता, आणि शबानाला त्याचं न बोलणंच जास्त लागत होतं. मी भेटायला गेले तेव्हा ती पट्ट्या बांधलेले हात मांडीत ठेवून भिंतीकडं बघत बसलेली. मला म्हणाली, "मॅडम, मैंने बंद करी थी. अल्ला की कसम. मला आठवतंय, मी बटन फिरवलं आन् मंगच उठले." थोड्या वेळानं म्हणाली, "का न्हाई फिरवलं? आता मलाबी समजंना."

आलियाला बाईंनी मुद्दाम अंगणवाडीत बोलावून घेतलं. घरात रडारड, निदान इथं दोन तास बरे जातील म्हणून. ती आली, पण खेळायला उठेना. दुसऱ्या एका पोरानं त्या खोक्याच्या शेगडीचं झाकण दाबलं, तशी ती किंचाळली, "नको! दादी जळंल!"

बाईंनी तिला मांडीवर घेतलं आणि बाकीच्यांना बाहेर पिटाळलं. मी दारात होते.

"काय झालं बेटा?"

"मी चहा ठेवल्ता, बाई. तुमच्यासाठी." ती हुंदके देत सांगू लागली. "दाबलं, मंग फिरवलं. चक् चक् केलं. मंग मी निदाला बोलवायला गेले चहा प्यायला."

बाईंचा चेहरा मी पाहिला आणि नजर वळवली. त्यांनी पदरानं तिचे डोळे पुसले. मग तिच्या शेंड्या सारख्या करत म्हणाल्या, "न्हाई बेटा. तुझ्या चहानं काही झालं न्हाई. टाकीतून गॅस लिक झाल्ता. तू काही केलं न्हाई. आं? काही केलं न्हाई तू."

आलियानं मान हलवली.

त्याच संध्याकाळी बाई माझ्याकडं आल्या. हातात ती शेगडी, वर ओढणी टाकलेली. "मॅडम, चला माझ्यासंगं. एकटीचे पाय चालंनात."

सलीमच्या घरी पुरुष बाहेरच्या खोलीत बसलेले होते. बाईंनी आलियाला शेजारी पाठवायला लावलं. मग शबानालाही बाहेर बोलावलं, आणि सगळ्यांच्या मधे ती शेगडी ठेवली.

"हे मी केलं," बाई म्हणाल्या. "हे दाबायचं, हे फिरवायचं. रोज शिकवलं मी. आलियाला सगळ्यात आधी आलं. तुमच्या शेगडीचं बटन शबानानं चालू ठिवलं न्हाई. ते पोरीनं फिरवलं, आन् पोरीला ते मी शिकवलं. ज्याला बोलायचं त्यानं मला बोलावं."

चाचा म्हणाला, "चार साल की बच्ची? तिच्या हातानं फिरतं का ते बटन? दाबल्याबिगर फिरत न्हाई ते."

"तेच तर शिकवलं ना मी," बाई म्हणाल्या. आणि मग त्यांचा तो आवारभर ऐकू जाणारा आवाज पार बसला. "दाबायचं शिकवलं न्हसतं तर तिला ते फिरवताच आलं न्हसतं."

सलीम इतके दिवस मान खाली घालून बसलेला माणूस. त्यानं पुढं सरून एक झाकण दाबलं, फिरवलं. दुसरं दाबलं, फिरवलं. मग शबानाच्या पट्टी बांधलेल्या हाताखाली हात धरून लहान पोरासारखा रडायला लागला. "माफ कर," म्हणाला. एवढंच म्हणाला. चाचा उठून बाहेर गेला.

बाईंनी एकच मागितलं: पोरीला हे कधी कळू द्यायचं नाही. चार वर्षांचं लेकरू आहे, विसरून जाईल. विचारलं तर टाकी लिक झाली म्हणायचं. सलीमनं शब्द दिला, शबानानं दिला, मीही मान हलवली. गावातही कळलं, कारण अशी गोष्ट राहत नाही. पण आलियाच्या कानावर ती जाऊ द्यायची नाही हे सगळ्या गावानं पाळलं. एरवी एकमेकांच्या भिंतीवरून भांडणारं ते गाव, पण या बाबतीत एकाही माणसाची जीभ घसरली नाही.

बाईंची मात्र सुटका झाली नाही. निम्म्या आयांनी आपली लेकरं अंगणवाडीत पाठवणं बंद केलं. "पेटवायचंच शिकवतेत तिथं," असं एकीनं माझ्यादेखत बाईंना सुनावलं.  बाई उरलेल्या लेकरांची खिचडी शिजवत राहिल्या. दुसऱ्या दिवशी शबाना स्वतः आलियाला घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा बाईंनी तिच्याकडं वर बघितलंच नाही. शबाना म्हणाली, "बाई, हिला केळं खायला दिलंय. खिचडी थोडीच द्या." आणि गेली. हळूहळू बाकीची लेकरंही परत आली.

पण 'करून शिकतं' हे वाक्य मी बाईंच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही. कपाटावरचे तक्ते खाली आले आणि भिंतीवर लागले. आणि रोज खिचडी वाटून झाली की बाई घरोघर फिरू लागल्या. शेगडी कुठं आहे, बटनं निघतात का, निघत असली तर काढून पोराच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवा, टाकीचं बटन काम झालं की बंद, दार-खिडकी उघडून आधी वास घ्या, मग काडी लावा. बाया कंटाळायच्या. "बाई, रोज काय तेच? ध्यानात हाये आमच्या." बाई म्हणायच्या, "शबानाच्याबी ध्यानात व्हतं."

शेगडी भुईवर असली तर त्या घरी पुढच्या शुक्रवारी सलीम यायचा. दुपारची नमाज झाली की सायकलवर थापी-ओळंबा टांगून, कुठून तरी मिळवलेली फरशी घेऊन यायचा आणि ओटा बांधून जायचा. बाई त्याला घर दाखवायच्या, तो बांधायचा. दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोलत. "हितं?" "हाव, हितं. अजून एक वीट वर घ्या." आमच्या खोलीतला ओटाही त्यानंच वीतभर उंच करून दिला. मी चहा विचारला तर नको म्हणाला.

चिनू रांगायचा, तो उभा राहिला, उभा राहून पळू लागला, आणि बाईंची पहारेदारी वाढली. एके दिवशी मी पोळ्या लाटत होते आणि चिनू स्टुलावर चढून बटनाला हात लावत होता. बाई दारातून आल्या आणि त्यांनी त्याच्या हातावर फाडकन चापट मारली. इतक्या जोरात की त्याला रडायचंही सुचलं नाही. साऱ्या जन्मात लेकराला बोट न लावलेली बाई. मला राग आला, मी काहीतरी बोलणार होते. पण त्या तशाच मागं फिरल्या आणि शेवग्याच्या झाडाखाली जाऊन मातीत बसल्या, स्वतःचा तो हात दुसऱ्या हातात धरून. चिनूच मग त्यांच्याकडं गेला आणि त्यांच्या मांडीवर चढून बसला. त्यांनी त्याच्या हातावर फुंकर घातली आणि घालतच राहिल्या.

वर्षं गेली. आलिया माझ्या शाळेत आली, सातवीपर्यंत पोहोचली. शांत मुलगी. अक्षर सुंदर. पण घरी आईला मदत करायची म्हटलं तर भांडी घासेल, कपडे धुवेल, भाकरी शेगडीवर टाकायला मात्र उभी राहणार नाही. शबाना एकदा ब्लाऊज द्यायला आली आणि बाईंच्या ओसरीत बसून सांगू लागली. "बाई, हिला कितीदा सांगितलं, गॅसजवळ येतच न्हाई. पुढं सासरी काय करंल? तुमचं ऐकते, तुम्ही सांगा."

बाईंनी दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आलियाला बोलावून घेतलं. बाई तोवर थकल्या होत्या. गुडघे सुजायचे, निवृत्ती तोंडावर आलेली. शेंगा निवडायला घेऊन आम्ही तिघी झाडाखाली बसलो.

"अम्मी म्हणते तू गॅसला भितीस," बाई म्हणाल्या.

आलिया शेंगा निवडत राहिली.

"भ्यायचं न्हाई बेटा. उंचावर हाये आता. मी बघते ना रोज."

"मला माहितीये बाई," आलिया म्हणाली. तिनं वर पाहिलं नाही. "दादीचं मला माहितीये."

बाईंचे हात थांबले. "काय माहितीये?"

"मी केल्तं ते. मला सगळं आठवतंय. तुमच्या मांडीवर बसल्ते ते बी आठवतंय. तुम्ही म्हणल्या तू काही केलं न्हाई, पण तुमचे हात थरथर करून राह्यल्ते. मला तवाच कळलं, तुम्ही खोटं बोलताय."

मी शेंगांची पाटी बाजूला सरकवली. 

"मंग बोलली का न्हाईस?" बाईंनी विचारलं. "इतकी वर्षं? अम्मीला तरी सांगायचं."

"अम्मीला वाटतं मला माहीत न्हाई. तिला वाटतं मी खूष हाये." आलियानं आता वर पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते. "तिला कळलं की मला माहितीये, तर तिला अजून दुखंल. म्हणून मी विसरल्यासारखी राह्यले."

बाईंनी पुढं हात केला. पण तिला जवळ घ्यायच्या आधीच त्यांचा स्वतःचा तोल सुटला. अशा रडल्या की भावजय घरातून बाहेर आली. आलियाच त्यांना धरून बसली, बारा वर्षांची पोरगी, आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत राहिली, "नका ना बाई. नका ना."

शांत झाल्यावर बाईंनी तिचा चेहरा दोन्ही हातांत घेतला. "ऐक. मी तवा खोटं बोलले, आता बोलत न्हाई. बटन तूच फिरवलं. पण तू कुणाला चटका बी देणार न्हवतीस. तू बाईला चहा करून राह्यली व्हतीस. शिकवलेलं करून राह्यली व्हतीस. त्यात पाप न्हाई. ऐकू आलं का? मी शिकवलं ते चुकलं, माझं चुकलं. तुझं न्हाई."

"तुमचं बी न्हाई," आलिया म्हणाली.

 बाई झाडाला धरून उठल्या. "चल. अम्मीकडं जाऊ."

"आत्ता?"

"आत्ताच. लई उशीर झाला."

मी त्यांच्याबरोबर गल्लीच्या वळणापर्यंत गेले आणि थांबले. बाई लंगडत, आलिया त्यांना धरून, दोघी सलीमच्या घरात शिरल्या. मशीनचा आवाज येत होता, तो थांबला.  मग शबानाचा आवाज आला, "अकेली? इतने साल तू अकेली?" आणि मग मी तिथं उभी राहिले नाही.

बाई परतल्या तेव्हा दिवेलागण झाली होती. ओसरीच्या पायरीवर बसल्या. मी पाणी दिलं, ते तसंच हातात धरून म्हणाल्या, "आपण समदे मिळून गप बसलो मॅडम. वाटलं, पोरीवर पांघरूण घातलं. त्या पांघरुणाखाली ते लेकरू एकटं जागं व्हतं."

त्यानंतर त्या फार दिवस गावात राहिल्या नाहीत. निवृत्त झाल्या, गुडघे गेले, आणि भाच्यानं त्यांना अंकुशनगरला साखर कारखान्याच्या वसाहतीत आपल्याकडं नेलं. माझीही बदली जालन्याजवळ झाली. फोन व्हायचे. आलियाची विचारपूस असायची. ती स्वयंपाक करू लागली का, असं मात्र त्यांनी एकदाही विचारलं नाही. "झोपते का बराबर?" एवढंच विचारायच्या. मी सांगायची, शबाना म्हणते आता झोपते. काही दिवस रडली खूप, पण आईच्या कुशीत रडली.

गेल्या हिवाळ्यात भाच्याचा फोन आला. बाई सकाळी उठल्याच नाहीत.

मी अंकुशनगरला पोहोचले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. वसाहतीतल्या त्या दोन खोल्यांत सतरंजीवर बाया बसलेल्या. भाच्याची बायको मला ओळखत होती, तिनं जागा दिली. थोड्या वेळानं दारात शबाना दिसली, काळ्या बुरख्यात, आणि तिच्यामागं आलिया, आता तिच्याहून उंच झालेली. भोकरदनहून दोन गाड्या बदलून आल्या होत्या. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. कारखान्याच्या त्या वसाहतीत त्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं. भाच्याच्या सासूनं बसल्या जागेवरून विचारलं, "तुम्ही कोण त्यांच्या?"

शबाना गोंधळली. तिनं माझ्याकडं बघितलं, मी उठायला लागले. पण आलियाच पुढं आली, चपला दाराबाहेर काढून आत आली.

"बाईंच्या अंगणवाडीतली हाये मी," ती म्हणाली.

म्हातारीनं तिच्याकडं नीट पाहिलं. मग पदर सावरून ती बाजूला सरकली आणि सतरंजीवर हात थोपटत म्हणाली, "ये, बस."